उडीबाईंचा आठवा हर्डल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं मला कोणी विचारलं तर मी ऑर्नेला हे नाव सांगतो. आई-वडिलांची नावं त्यानंतर येतात. वडिलांना हे ठाऊक आहे आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नाही, कारण त्या बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते त्यांनीच. ऑर्नेला मॅडम इटलीच्या. तरुणपणी त्या आपल्या देशाकडून अडथळ्यांच्या शर्यती धावल्या होत्या. मुळशीतल्या आमच्या घोटावड्यात मात्र त्यांचं नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. आमच्याकडे त्या शेवटपर्यंत उडीबाईच राहिल्या.

वाटेत कमरेइतकं काही आडवं आलं की त्या वळसा घालायच्या नाहीत, त्यामुळे हे नाव पडलं. घोटावड्याहून नेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला एका बिल्डरने दहा एकर जमीन सपाट करून चारही बाजूंनी निळे पत्रे ठोकून ठेवली होती. पुढे भाऊबंदांत कज्जा झाला आणि काम थांबलं. माझे वडील तिथे वॉचमन होते. आईच्या सात शेळ्या तिथेच चरायच्या. मी त्या वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तीन विषयांत नापास होऊन घरी बसलो होतो आणि वडिलांच्या बदली खुर्चीवर बसायचो. एका संध्याकाळी रस्त्याकडेला गाडी थांबली. उंच, पांढरट केसांची, आखूड पँट घातलेली एक गोरी बाई उतरली, गेटला लावलेल्या आडव्या पाइपाकडे तिने एकदा पाहिलं, पाच-सहा पावलं धावली आणि पलीकडे उतरली. पाइप थरथरलासुद्धा नाही.

वडील चहाचा कप हातात धरून तसेच उभे राहिले. "सुन्या, बघितलंस का? बाई गेट न उघडताच आली की आत."

"मग उघडा की आता," मी म्हणालो.

"आता काय उघडतो? आली न्हवं ती!" असं म्हणून ते तिच्याकडे गेले आणि दंडाचा साप करून दाखवत म्हणाले, "ओ बाई, हितं साप हायेत. लई मोठे."

मॅडमनी तो हाताचा साप नीट बघून घेतला. मग स्वतःच्या दोन बोटांचे पाय केले आणि वडिलांच्या दंडावरून टुणकन उडवले. वडील हसले. त्या दिवसापासून त्यांना परवानगी होती. मालकाला विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

त्यांचे यजमान पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून तीन वर्षांच्या करारावर आले होते. राहायला महाळुंग्याला, एकोणिसाव्या मजल्यावर. तिथे सोसायटीत धावायला गोल वाट होती, पण मॅडमना ती चालेना. "तिथे सगळे गोल गोल फिरतात आणि फोनवर बोलतात," त्या म्हणायच्या. त्यांना चारशे मीटरची फेरी हवी होती. ती त्यांनी आमच्या प्लॉटवर स्वतः आखली. मी दोरी धरायचो, त्या खुंटी ठोकायच्या, आणि शाळेच्या मैदानावर मारतात तशी फक्की मारून आम्ही आठ दिवसांत रेघा ओढल्या. मुरमाच्या जमिनीवर ती पांढरी फेरी पहिल्यांदा पूर्ण झाली, तेव्हा आई शेळ्या वळवत म्हणाली, "कुणाच्या तरी लग्नाचा मांडव घालायचाय जणू."

दुसरी सवय मोजण्याची. चालताना, गाडीतून उतरताना, जिना चढताना त्यांचे ओठ हलत असत. मला वाटायचं जप करतात. मग त्यांनी सांगितलं. चारशे मीटरच्या शर्यतीत दहा हर्डल असतात. पहिला पंचेचाळीस मीटरवर, पुढचे दर पस्तीस मीटरवर. दोन हर्डलच्या मध्ये किती पावलं टाकायची हे प्रत्येकीचं ठरलेलं असतं. ऐन उमेदीत त्यांची पावलं होती पंधरा. आता सतरा. पाय थकले की पाऊल आखूड होतं, हिशेब चुकतो, आणि हर्डल चुकीच्या पायाला येतो. "वेग सगळ्यांकडे असतो," त्या म्हणायच्या. "थकल्यावर मोजता येणं, ते थोड्यांना जमतं." आमचं बोलणं तोडक्यामोडक्या इंग्रजीत चाले, अडलं की हिंदी, आणि त्याहूनही अडलं की हातवारे. मी इथे सगळं मराठीतच देतो आहे.

फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत चालता चालता त्यांनी आपली कहाणी तुकड्या-तुकड्यांत सांगितली. त्यांचं गाव डोंगरातलं, संगमरवराच्या खाणीचं. वडील खाणीत क्रेन चालवायचे. बाराव्या वर्षी शाळेतल्या बाईंनी त्यांना धावायला लावलं, उंची बघून हर्डलकडे वळवलं. अठराव्या वर्षी त्या देशातल्या तरुण मुलींत पहिल्या आल्या. तिकडे चांगल्या खेळाडूंना पोलिसात घेतात. आपल्याकडेही घेतात, त्यामुळे मला ते लगेच कळलं. गणवेश मिळाला, पगार मिळाला, काम एकच, धावणं. चोविसाव्या वर्षी जगभरच्या खेळाडूंची मोठी स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत सातव्या हर्डलपर्यंत त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. आठव्याला पाय लागला. त्या पडल्या आणि उठल्या नाहीत.

"लागलं होतं का फार?" मी विचारलं.

"नाही. गुडघा खरचटला होता फक्त. उठता आलं असतं. मी जमिनीकडे बघत पडून राहिले आणि बाकीच्यांच्या पायांचा आवाज ऐकला."

निकालाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे वेळ लिहिली गेली नाही. शर्यत पूर्ण केली नाही, एवढंच लिहिलं गेलं. त्यांचे वडील आणि सगळं गाव एका हॉटेलात टीव्हीसमोर जमलेलं होतं. त्या घरी परतल्यावर कोणी एक शब्द बोललं नाही. पुढे टाचेच्या शिरेचं दोनदा ऑपरेशन करावं लागलं, धावणं सुटलं आणि तिसाव्या वर्षी त्या त्याच पोलीस खात्यात टेबलामागे बसून पासपोर्टवर शिक्के मारू लागल्या. वडिलांनी त्या शर्यतीचा विषय काढला तो वीस वर्षांनी, मरणाच्या आदल्या महिन्यात. म्हणाले, "पडलीस त्याचं काही नाही. पण उठायचं होतंस."

मॅडम हे सांगत होत्या तेव्हा आमची फेरी आठव्या हर्डलच्या खुणेपाशी आली होती. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

आमच्या जमिनीवर त्यांना काय करायचं होतं, ते मग मला समजलं. त्यांच्या गावाजवळच्या शहरात जून महिन्यात वयस्क खेळाडूंची स्पर्धा होती. बायकांना पन्नाशीनंतर चारशे मीटरची हर्डल शर्यत नसते. अंतर कमी होऊन तीनशे होतं. मॅडम एकोणपन्नासाव्या वर्षात होत्या. पदक नको, नंबर नको. त्यांना चारशे मीटर, दहा हर्डल, एकदा पूर्ण करायचे होते. कागदावर वेळ लिहिली गेली पाहिजे होती.

हर्डल बनवायचं काम मी आमच्या तात्यांना दिलं. तात्या माझे चुलते, घोटावडे फाट्याजवळ त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, फाटक, पाण्याच्या टाकीचे स्टँड. मॅडमनी कागदावर चित्र काढून दिलं. हर्डल बाजूने बघितला तर इंग्रजी एल अक्षरासारखा असतो. जमिनीवरचे पाय धावत येणाऱ्याच्या बाजूला, उभा दांडा पलीकडच्या टोकाला. पाय लागला की तो पुढे उलटतो आणि धावणारा वाचतो. तात्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"पलीकडं पाय न्हाईत?"

"नाहीत," मी म्हणालो.

"मग पडंल की हे."

"पडायलाच पाहिजे, तात्या."

तात्यांनी चष्मा काढला. "सुन्या, तीस वर्षं झाली मी धंदा करतोय. पडणारं फाटक, पडणारा स्टँड आजवर कुणी माझ्याकडं मागितला न्हाई. माझ्या दुकानातून असली लुळी वस्तू भाईर गेली तर लोकं त्वांडात श्यान घालतील."

मॅडमना शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्यांनी दुकानातला एक स्टूल आडवा केला, वर हात ठेवून तात्यांकडे पाहिलं आणि मला सांगायला लावलं, "यांना सांग, दोघांपैकी एकाला पडावंच लागतं. हर्डल तरी, नाहीतर मी." तात्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "बाईला म्हणावं, बनवतो. पर माझं नाव कुटं सांगू नको." दहा हर्डल तयार झाले. आईच्या शेळ्या त्यांच्या खालून जायच्या. "या माझ्यापेक्षा शहाण्या आहेत," मॅडम म्हणायच्या. मोजके विनोद करायच्या त्या. त्यातला हा एक.

त्या फार हसऱ्या होत्या असं मला लिहिता येणार नाही. कित्येक संध्याकाळी गाडीतून उतरायच्या, एक शब्द न बोलता धावायच्या आणि निघून जायच्या. पण माझ्या नापास होण्याचा पाठलाग त्यांनी सोडला नाही. मला त्या 'प्रोफेस्सोरे' म्हणायच्या. त्यांच्या भाषेत गुरुजी. मी नापास आहे हे कळल्यावरच त्यांनी ते नाव ठेवलं. एकदा मी म्हणालो, "तीन विषय गेलेत मॅडम. आता काय उपयोग?" त्यांनी मला ट्रॅकवर नेलं आणि एकेक करत दहाही हर्डल हाताने पाडले. "मुद्दाम न पाडता असे दहाच्या दहा पडले, तरी शर्यत बाद होत नाही. नियम आहे तसा. वेळ जातो, लागतं, लोक हसतात. पण तू धावत राहिलास तर शेवटी तुझी वेळ लिहितात. तीनच पाडलेस तू. बाकीचे सात कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्या मला गाडीत घालून कॉलेजला घेऊन गेल्या. फॉर्म भरेपर्यंत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. क्लार्कने विचारलं, "ह्या कोण?" मी म्हणालो, "माझ्या पालक." तो कागदावरून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यानंतर रोजचं ठरलं. मी हर्डल मांडायचे, त्यांनी धावायचं, आणि मग अर्धा तास गाडीच्या बॉनेटवर पुस्तक ठेवून मी इंग्रजीचा पेपर मोठ्याने वाचायचा. चुकलो की त्या बोट वर करायच्या. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. अभ्यास असा रोज, ठरलेल्या वेळी, कोणीतरी समोर बसून करून घ्यायची गोष्ट असते, हेच मला माहीत नव्हतं.

धावण्याआधी त्या सगळ्या हर्डलांजवळून चालत जायच्या आणि प्रत्येकाच्या पट्टीवर तळहात टेकवायच्या. पहिला, दुसरा, तिसरा असं करत सातव्यापर्यंत. आठव्याला हात लावायच्या नाहीत. त्याच्याकडे बघायच्याही नाहीत. मग नववा, दहावा. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्याच्याशी मी बोलत नाही."

आता मला ते लिहायचं आहे ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

मार्च लागला की आमच्याकडे दुपार कलताना घाटाकडून वारा सुटतो. प्लॉटच्या एका कोपऱ्यातले दोन पत्रे कोणीतरी काढून नेले होते आणि वारा नेमका तिथून आत शिरायचा. त्याच कोपऱ्यावर आठवा हर्डल यायचा. मी तो उभा करून नवव्याकडे वळलो की मागे आवाज व्हायचा. रोज चार-पाच वेळा. कंटाळून मी त्याच्या पायांवर दोन दगड ठेवले. मला दगड उचलून नेताना मॅडमनी लांबूनच पाहिलं आणि त्या ओरडल्या, "दगड नको! हर्डल मोकळा पाहिजे." मी दगड काढले. इतक्या मोठ्याने त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

मला राग आला होता का, ते आज आठवत नाही. आला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो हर्डल मोटारसायकलवर आडवा घेऊन तात्यांकडे गेलो आणि पलीकडच्या बाजूला वीतभर लांबीचे दोन पाय जोडायला सांगितले. तात्यांचा चेहरा खुलला. "मी म्हणतच हुतो! आता झाली बघ वस्तू." त्यांनी हर्डल धरून गदागदा हलवला. हलला नाही. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. भक्कम वस्तूला हात लावल्यावर आमच्या माणसांना वाटतं तसं. प्लॉटवर आणून मी तो आठव्या जागी ठेवला आणि नवे पाय दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर मुरूम ओढला. मॅडम त्याच्याकडे बघत नाहीत हे मला माहीत होतंच.

तीन आठवडे त्या त्याच्यावरून गेल्या. एकदाही पाय लागला नाही. रोज मुरूम ओढताना मनात यायचं, की उद्या सांगू. मग तेही यायचं थांबलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा संपूर्ण शर्यत धावायचं ठरवलं. तोपर्यंत पाच-पाच हर्डलचे तुकडे चालले होते. घड्याळ माझ्या हातात होतं. सातव्या हर्डलला आणि शेवटी, अशी दोनदा वेळ घ्यायची होती. वडील आणि आई पत्र्याच्या सावलीत बसले होते. मॅडम निघाल्या. मी त्यांच्याबरोबर मोजत होतो. सतरा, सतरा, सतरा. सातवा झाला, मी बटण दाबलं. आठव्याला पुढचा पाय नीट गेला. मागच्या पायाचा गुडघा पट्टीला लागला. जेमतेम लागला. मोकळ्या हर्डलचा नुसता आवाज झाला असता. हा जागचा हलला नाही. मॅडम तोंडावर आपटल्या.

मी धावत पोहोचलो तेव्हा त्या हातावर रेटून उठायचा प्रयत्न करत होत्या. डावं मनगट भलतीकडे वळलं होतं. पहिले शब्द त्यांनी उच्चारले ते असे: "घड्याळ थांबवू नकोस." त्या उठल्या. खरंच उठल्या. माझ्या खांद्याला हातही लावला नाही. नवव्या हर्डलच्या दिशेने दोन पावलं टाकली, तिसऱ्याला गुडघा खाली बसला आणि त्या मुरमात बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "थांबव."

मग माझ्याकडे पाठ असतानाच त्यांनी विचारलं, "हर्डल पडला का?"

तो माझ्या मागे ताठ उभा होता. मी म्हणालो, "हो."

आवाज न करता वडिलांनी तो उचलला आणि आडवा ठेवला.  मॅडमनी वळून पाहिलं, तेव्हा तो आडवा होता.

"पुन्हा आठवा," त्या म्हणाल्या. आणि मग, "पडणाऱ्या हर्डलवरून पडले मी. म्हणजे शरीरच संपलं."

गुडघ्याची वाटी फुटली होती, मनगट मोडलं होतं. शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो त्या दिवशी सकाळीच घरी करवतीने त्या हर्डलचे जादाचे पाय कापून टाकले होते. वडील जवळ उभे होते. "कापतूयास ते बरोबर हाय," ते म्हणाले. "पर त्यांना सांगणार हायेस का?" मी करवत चालवत राहिलो. "मी आडवा केला त्यो हर्डल," ते म्हणाले. "मला झोप न्हाई."

इस्पितळात मॅडम खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी माझ्या परीक्षेचं वेळापत्रक मागितलं आणि उशाशी ठेवून घेतलं. "सांगू का मॅडम एक?" असं मी म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "आधी पेपर. मग सगळं सांग." ती पळवाट मी पकडली. प्रत्येक पेपरच्या संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "किती झाले, प्रोफेस्सोरे?" मी म्हणायचो, एक झाला. दोन झाले. शेवटच्या पेपरनंतर आठच दिवसांत यजमानांचा करार संपला आणि त्या काठीच्या आधाराने विमानतळावर गेल्या. त्यांच्या स्पर्धेचा तो महिना होता. आदल्या दिवशी आमच्या घरी येऊन त्यांनी घड्याळ मला देऊन टाकलं. "मला आता मोजायचं नाही," त्या म्हणाल्या. त्या परत जाताना प्लॉटचं गेट उघडं होतं. वडिलांनी मुद्दाम उघडून ठेवलं होतं, त्यांना वळसा पडू नये म्हणून. गाडी न थांबता पुढे गेली.

मी पास झालो. पुढच्या वर्षी पदवी मिळाली, मग शारीरिक शिक्षणाची पदवी केली, आणि आज मुळशीतल्याच एका शाळेत मुलींना धावायला शिकवतो. पदवीच्या दिवशी आईने कागद देवासमोर ठेवायच्या आधी विचारलं, "ह्याच्यावर बाईचं नाव कुटं हाय?" तिला वाटत होतं, ते असणारच.

दर नाताळला त्यांचं कार्ड येतं. चार ओळी, वळणदार अक्षर. मी दरवर्षी उत्तर लिहितो, सगळं लिहितो, ते एक सोडून. गेल्या नाताळच्या कार्डात त्यांनी लिहिलं होतं की गावातल्या दहा-बारा मुली हर्डल शिकवा म्हणून दारात आल्या होत्या, खाणकामगारांच्या मुली. त्यांनी नाही म्हणून परत पाठवलं. खाली लिहिलं होतं, "पडणाऱ्या हर्डलवरून जी पडते, ती दुसऱ्यांना काय शिकवणार?"

ते कार्ड वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "लिही आता. माझंबी नाव लिही."

मी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजी केलं. पाठवून दोन महिने होत आले. उत्तर आलेलं नाही. ते पत्र इथे देतो, कारण मॅडमविषयी मी जे चांगलं लिहिलं, ते या पत्राशिवाय अर्धंच राहील.

आदरणीय मॅडम,

तुमचं कार्ड मिळालं. हे पत्र मी सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

तुम्ही पडला त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, हर्डल पडला का. मी हो म्हणालो. तो पडला नव्हता. वाऱ्याने सारखा पडायचा म्हणून तीन आठवडे आधी मी तात्यांकडून त्याला पलीकडच्या बाजूला पाय जोडून घेतले होते. तुम्ही दगड काढायला लावले होते, त्यानंतर. नवे पाय दिसू नयेत म्हणून मी रोज त्यांच्यावर मुरूम ओढायचो. तुम्ही आठव्याकडे बघत नाही हे मला माहीत होतं आणि मी त्याचा फायदा घेतला. तात्यांना दोष देऊ नका. तुम्ही दगडसुद्धा नको म्हणाला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. नंतर हर्डल आडवा ठेवला तो माझ्या वडिलांनी, मला वाचवण्यासाठी. त्यांनी त्यांचं नाव लिहायला सांगितलं आहे.

आणखी एक. सातव्या हर्डलला मी घड्याळ दाबलं होतं. तो आकडा तुम्ही विचारला नाही आणि मीही सांगितला नाही, कारण तो सांगितला असता तर तुम्हाला प्रश्न पडला असता. तुम्ही ठरवलेल्या वेळेच्या सव्वा सेकंद पुढे होता. पावलं सतराच होती, एकही चुकली नव्हती. मी तुमच्याबरोबर मोजत होतो. शरीर संपलं नव्हतं, मॅडम. गुडघा जेमतेम लागला. हर्डल पडायला हवा होता.

आणि तुम्ही उठला होता. ते मी पाहिलं, आई-वडिलांनीही पाहिलं. तुमच्या वडिलांना सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माफी मागायला मी लिहीत नाही. ती देणं न देणं तुमच्याकडे. तुम्ही मला पुन्हा कधी लिहिलं नाही तरी ते योग्यच असेल. पण त्या मुलींना तुम्ही जे कारण सांगून परत पाठवलं, ते कारण माझ्या खोटेपणातून आलं आहे. ते तुमचं नाही. ते मला परत द्या.

तुमचं घड्याळ माझ्याकडे आहे, चालू आहे. शाळेच्या मैदानावर आता दहा हर्डल आहेत. तात्यांनीच बनवले, तुमच्या त्या कागदावरून, कुरकुर न करता. रोज सकाळी मुली यायच्या आधी मी एकटा मैदानावर जातो आणि एकेका हर्डलला पायाने ढकलून बघतो. आठव्याला दोनदा. सगळे पडतात.

सुनील